एस्टीम, स्पीडुइनो, रस्ता आणि डायनो: प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, कोल्हापूर

गाडी मारुती एस्टीम, २००३ची. इंजिन जी१३बीबी, १२९८ सीसी, बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, १६ व्हॉल्व्ह. कंपनीचा आकडा ६००० आरपीएमला ८५ अश्वशक्ती. इंजिन उघडायचं नाही. मूळ ईसीयू (इंजिनचा संगणक) काढून स्पीडुइनो (आपण स्वतः भरायचा ओपन-सोर्स ईसीयू) बसवायचा आणि इंधन, टायमिंग (पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी) दोन्ही टेबलं कोऱ्यापासून भरायची.

ट्यूनिंग रस्त्यावर करायचं की डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर), हा वाद नेहमीचाच. या कामात वाटणी अशी: इंधनाचं टेबल रस्त्यावर, फुल थ्रॉटलचं टायमिंग डायनोवर. लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण सांगणारा; १ म्हणजे नेमकं, वर गेलं की लीन म्हणजे इंधन कमी, खाली गेलं की जास्त) बरोबर लावला असेल तर इंधन चुकलंय का, हे तो रस्त्यावरही स्पष्ट सांगतो. टायमिंग बरोबर आहे का, हे सांगणारा सेन्सर नाही. ते फक्त टॉर्क सांगतो, आणि टॉर्क मोजायला डायनो लागतो.

आधी इंजिनची तब्येत. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १८५ ते १९० पीएसआय (थ्रॉटल पूर्ण उघडून, चारही प्लग काढून). रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर रेलचा दाब २.९ बार. इंजेक्टर साफ करून बेंचवर मोजले: १६८ ते १७२ सीसी प्रति मिनिट. चौघांत तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असता तर बदलले असते, कारण लॅम्डा सेन्सर चौघांची सरासरी दाखवतो आणि त्या सरासरीत एक लीन सिलिंडर सहज लपतो.

रिक्वायर्ड फ्युएलचा (सिलिंडर हवेने पूर्ण भरला तर इंजेक्टर किती वेळ उघडा हवा) हिशोब: एका सिलिंडरला ३२४.५ सीसी हवा, म्हणजे सुमारे ०.३९ ग्रॅम. पंपावरचं पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉल), त्याचं स्टॉइक प्रमाण (पूर्ण जळायला इंधनाच्या किती पट हवा) १३.५च्या आसपास. म्हणून इंधन ०.०२९ ग्रॅम, जवळपास ०.०३९ सीसी. १७० सीसीच्या इंजेक्टरला त्यासाठी १३.६ मिलिसेकंद. ६००० आरपीएमला एक चक्र २० मिलिसेकंदांचं. व्हीई (सिलिंडर हवेने किती भरतो) ८५ टक्के, लॅम्डा ०.८७ आणि १ मिलिसेकंद डेड टाइम (इंजेक्टर उघडायला जाणारा वेळ) धरून ड्यूटी (चक्रातला इंजेक्टर उघडा असलेला भाग) ७१ ते ७२ टक्के. इंजेक्टर पुरतात.

स्टॉइक १४.७ ठेवून ई२० भरलं तर सगळं टेबल ९ टक्क्यांनी सरकतं. ट्यूनिंगने ते भरून निघतं, पण व्हीईचे आकडे खोटे होतात आणि पुढचा प्रत्येक अंदाज त्या खोट्यावर उभा राहतो. या नोंदींत मिश्रण एएफआरमध्ये (हवा-इंधनाच्या वजनी प्रमाणात) नाही, लॅम्डातच.

११ ऑक्टोबर

३६-१ ट्रिगर व्हील (३६ दातांच्या जागा, एक गाळलेला; ईसीयूला क्रँकची जागा यावरून कळते). ४ मिमी एमएस प्लेट, शिरोली एमआयडीसीत लेझर कट, मधलं बोअर उद्यमनगरात लेथवर. लेझरने कापलेलं भोक मापाला पुरेसं नसतं. डायल इंडिकेटरवर रनआउट ०.०८ मिमी आला, चालेल. व्हील पुलीच्या बाहेरच्या रिंगला लावायचं नाही. रिंग आणि हबमध्ये रबर असतं, जुन्या गाडीत ते घसरलेलं असतं. बोल्ट हबमध्ये घेतले.

पुलीवरच्या खुणेवर विसंबलो नाही. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून पिस्टन स्टॉप लावला, पाना घालून क्रँक हाताने दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवला, दोन खुणा केल्या, त्यांच्या मधोमध टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असलेली जागा). जुनी खूण दोन अंश चुकीची निघाली. हे दोन अंश न कळते तर पुढचे डायनोचे सगळे आकडे दोन अंशांनी चुकीचे लिहिले गेले असते.

व्हीलचे दात वाचायला हॉल सेन्सर, गॅप १ मिमी. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर पक्कं करून टायमिंग लाइट धरला. कॉइल वेस्टेड स्पार्कचं (१-४ आणि २-३ एकत्र), म्हणजे दर दोन फेऱ्यांऐवजी दर फेरीला ठिणगी. डायल फिरवून अंश दाखवणारा लाइट इथे दुप्पट आकडा देतो. साधा लाइट वापरा, पुलीवर पांढऱ्या रंगाने १०ची रेघ ओढा आणि तीच बघा.

९०० आरपीएमला रेघ बरोबर. रेस देऊन ४००० वर नेलं तर तीच रेघ ८ अंशांवर. ४००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात २४ अंश फिरतो, म्हणजे २ अंश म्हणजे सुमारे ८० मायक्रोसेकंदांचा उशीर. हॉल सेन्सरच्या सिग्नलचा पुल-अप रेझिस्टर १० किलोओहम होता, इनपुटवर १० नॅनोफॅरडचा फिल्टर. दोघांमुळे सिग्नल चढायला लागणारा वेळ १०० मायक्रोसेकंदांच्या घरात. रेझिस्टर १ किलोओहम केल्यावर रेघ ४५०० पर्यंत जागची हलली नाही. वरच्या आरपीएमला हळूहळू टायमिंग खाणारा हा दोष डायनोवर कुणी शोधत नाही. तिथे एवढंच म्हणतात की या इंजिनला ॲडव्हान्स जास्त लागतो.

१२ ऑक्टोबर

लॅम्डा सेन्सर एलएसयू ४.९. डाउनपाइपवर एम१८ × १.५ आट्यांचा नट वेल्ड केला, पोर्टपासून सुमारे ६० सेंमी, कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी. सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर झुकलेला हवा. खाली तोंड करून लावला तर सकाळच्या स्टार्टला पाइपातलं पाणी गरम सिरॅमिकवर पडतं आणि सेन्सर तडकतो.

वाइडबँडची (याच लॅम्डा सेन्सरच्या कंट्रोलरची) अर्थ. इंजिन चालू, हेडलाइट आणि फॅन चालू ठेवून कंट्रोलरची अर्थ आणि ईसीयूची सेन्सर अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावला: ०.०९ व्होल्ट. कंट्रोलरच्या आउटपुटची पट्टी एएफआरमध्येच असते: ० ते ५ व्होल्ट म्हणजे ७.३५ ते २२.३९, एका व्होल्टला तीन. म्हणजे ०.०९ व्होल्टला ०.२७, लॅम्डात जवळपास ०.०२. फॅन चालू झाला की मिश्रण बदललं असं वाटतं. प्रत्यक्षात बदलते ती अर्थ. हीटरची अर्थ ब्लॉकवर, सिग्नलची अर्थ थेट ईसीयूच्या सेन्सर अर्थला. आता फरक ०.००५ व्होल्ट.

१८ ऑक्टोबर

पहिला स्टार्ट. क्रँकिंगला सिंक (ईसीयूला क्रँकची जागा) लागलीच मिळाला. ९०० आरपीएमला आयडल, मॅप (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब, म्हणजे लोड) ३८ केपीए, टायमिंग १४ अंश, लॅम्डा ०.९८. डेड टाइम १३.५ व्होल्टला १ मिलिसेकंद, १२ व्होल्टला १.२. हेडलाइट लावल्यावर आयडलचा लॅम्डा हलत नाही, म्हणजे व्होल्टेज करेक्शन ठीक.

२६ ऑक्टोबर

रस्त्यावरचा पहिला दिवस. रविवार, सकाळी सहा, कागलच्या दिशेचा महामार्ग.

गाडीत दोन माणसं, यात तडजोड नाही. चालवणाऱ्याने लॅपटॉपकडे बघायचंच नाही, बाजूच्याने रस्त्याकडे बघून काही बदलायचं नाही. बदल गाडी थांबवूनच. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. म्हणून रस्त्यावरच्या फुल थ्रॉटलची हद्द आधीच ठरवली. या गाडीत दुसऱ्या गिअरला ६००० आरपीएम म्हणजे ताशी ८५ किमीच्या आसपास; तिसऱ्याला तेच १२० च्या वर. तिसऱ्या गिअरमध्ये ४५०० च्या पुढे फुल थ्रॉटल रस्त्यावर द्यायचा नाही. ते खाने डायनोसाठी राखले.

व्हीई टेबल १६ × १६. ट्यूनरस्टुडिओच्या व्हीई ॲनालाइझला (लॅम्डाच्या नोंदींवरून टेबल आपोआप सुधारणारं ऑटोट्यून) अटी घातल्या: कूलंट ७५ अंशांच्या वर, थ्रॉटल हलत असताना नोंद घ्यायची नाही, फ्युएल कट (पाय काढल्यावर इंधन बंद) आणि त्यानंतरचा एक सेकंद वगळायचा. एका खान्यात एका वेळी बदल १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ईसीयूचं स्वतःचं क्लोज्ड लूप (चालता चालता लॅम्डा बघून इंधन सुधारणं) बंद. ते चालू ठेवून ऑटोट्यून केलं तर दोघंही एकच चूक दुरुस्त करायला धावतात आणि आकडे झुलत राहतात.

चालवण्याची रीत महत्त्वाची. सपाटीवर एका गिअरमध्ये २००० ते ३५०० हळूहळू, मग तोच आरपीएम वरच्या गिअरमध्ये म्हणजे जास्त मॅपला. लोड वाढवायला डाव्या पायाने ब्रेक दाबणारे बरेच आहेत. ब्रेक तापतात, पेडल सैल पडतं. चढ शोधावा.

५० मिनिटांत ३० ते ७० केपीए आणि १४०० ते ३६०० आरपीएम या भागातली चूक १५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आली. पण टेबलाचे २५६ खाने आहेत आणि त्यातले जेमतेम ७० भरले. बाकीचे हाताने, शेजाऱ्यांचा उतार बघून ओढून घेतले. ऑटोट्यूनने एखादा खाना दोन्ही बाजूंपेक्षा ६ टक्क्यांनी उंच केला असेल, तर इंजिनला ते हवं असण्यापेक्षा तिथे नोंदी कमी पडल्या असण्याची शक्यताच जास्त. व्हीईचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो.

२ नोव्हेंबर

आयडलला डोळ्यांना झोंबणारा वास. प्लग काढले: चौघांचंही पोर्सिलेन काजळीने काळं, कोरडं, बोट फिरवलं की निघणारं. लॉगमध्ये मात्र आयडल लॅम्डा १.०० नेमका. व्हीई ॲनालाइझने गेल्या आठवड्यात आयडलच्या खान्यांत ११ टक्के इंधन वाढवून ठेवलं होतं.

सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. पाइपात कुठून तरी हवा शिरत असेल तर तो लीन म्हणतो. इंजिन पूर्ण थंड असताना चालू केलं आणि सायलेन्सरच्या तोंडाला ओला फडका दाबून धरला. तिसऱ्या पोर्टच्या खालच्या नटापाशी फुस्स-फुस्स असा आवाज, साबणाचं पाणी सोडल्यावर तिथेच बुडबुडे. मॅनिफोल्डचं पॅकिंग जळालेलं, नट सैल. गरम झालं की धातू फुगतो आणि आवाज बंद होतो, म्हणून गरम इंजिनवर ही गळती सापडत नाही.

आयडलला एक्झॉस्टचा प्रवाह कमी, दोन धक्क्यांमध्ये पाइपात दाब बाहेरपेक्षा खाली जातो आणि हवा आत ओढली जाते. फुल थ्रॉटलला तीच गळती जवळपास दिसत नाही. म्हणून लक्षण असं लक्षात ठेवावं: आयडल आणि हलक्या लोडचे खाने अचानक वाढले आणि वरचे नाहीत, तर आधी गळती बघा. मिसिंगचंही असंच. ठिणगी चुकली की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि तो लीन दाखवतो. त्यावर इंधन वाढवलं की मिसिंग आणखी वाढतं.

पॅकिंग नवं, नट आतून बाहेर या क्रमाने दोन टप्प्यांत आवळले. आयडल व्हीई जवळपास जुन्या जागी परत.

८ नोव्हेंबर

ॲक्सिलरेटर मारल्यावरचा झटका. हे काम डायनोवर करू नये. रोलरवर गाडी खरोखरच्या रहदारीसारखी चालत नाही, आणि हा दोष रहदारीतच त्रास देतो: गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये १४०० आरपीएमला उतरायचं आणि लगेच पाय द्यायचा.

लॉग: टीपीएस (थ्रॉटल किती उघडा ते सांगणारा सेन्सर) ०.२ सेकंदात ८ वरून ४५ टक्के, लॅम्डा १.२४ पर्यंत वर, ०.३ सेकंदांनी खाली. हवा क्षणात वाढते, पेट्रोलचा काही भाग आधी पोर्टच्या भिंतीला चिकटतो, सिलिंडरला कमी मिळतं. टीपीएसच्या वेगावर चालणारी जादा मात्रा चार टप्प्यांत ठरवली. आधी मोठा झटका, मग लहान. लहान पायावर जास्त मात्रा दिली तर गाडी उलट दबते. एक खबरदारी: सेन्सरपर्यंत वायू पोचायला हलक्या लोडवर जवळपास ०.२ सेकंद लागतात, म्हणून लॉगमधली लीन टोकं टीपीएसच्या रेघेपेक्षा तेवढी मागे सरकवून वाचावीत. नाहीतर मात्रा उशिरा हवी असं वाटतं आणि तिचा कालावधी विनाकारण लांबवला जातो.

आता लॅम्डा १.०६च्या वर जात नाही. फ्युएल कट १६०० आरपीएमच्या वर. कटमधून परत येताना १० अंशांवर टायमिंग आणून हळूहळू चढवलं, झटका गेला.

१५ नोव्हेंबर

टायमिंग रस्त्यावर का ठरत नाही, याचा हिशोब एकदा लिहून ठेवतो.

दोन माणसं आणि अर्धी टाकी धरून वजनकाट्यावर १०३० किलो. एक टक्क्याचा चढ डोळ्यांना दिसतही नाही, पण तो मागे ओढतो १०१ न्यूटनने. ताशी ६० किमीला ते १.७ किलोवॅट, सव्वादोन अश्वशक्ती. लॉगमधल्या प्रवेगावरून ताकद काढणारी सॉफ्टवेअर आहेत, पण एका दिशेचा एक रन म्हणजे रस्त्याच्या उताराचं मोजमाप. दोन्ही दिशांनी, त्याच तुकड्यावर, वारा पडलेला असताना, किमान तीन-तीन रन करून सरासरी काढली तरी हातात येणारा फरक एका अश्वशक्तीच्या खाली विश्वासाचा नाही.

एक गोष्ट मात्र रस्त्यावर उत्तम होते: क्रूझचं टायमिंग. सपाट रस्ता, चौथा गिअर, ताशी ६५, वेग अगदी कायम. टायमिंग २८ असताना मॅप ५२ केपीए. ३२ ला ५०. ३५ ला ४९. ३८ ला पुन्हा ४९. त्याच वेगाला कमी मॅप लागला म्हणजे तेवढ्याच हवेतून जास्त काम निघालं. ३५ वर थांबलो. इथे टॉर्कमीटर नसला तरी स्थिर वेगच मोजमापाचं काम करतो. उलट दिशेनेही करून बघितलं, क्रम तोच आला. ॲव्हरेज इथेच मिळतं, फुल थ्रॉटलच्या खान्यांत नाही.

२२ नोव्हेंबर

डायनोची तयारी. डायनोवर तासाचा हिशोब असतो, तिथे होजचा क्लिप शोधण्यात वेळ घालवायचा नाही.

नवं तेल, नवे प्लग एका पायरीने थंड, गॅप ०.८ मिमी. टायरमध्ये ३५ पीएसआय. रोलरवर मऊ टायर तापतो आणि आकडे खाली आणतो. पेट्रोल रोजच्या पंपाचंच, टाकी पाऊण. खास चांगलं पेट्रोल भरून ट्यून केलं तर ते टेबल रोजच्या पेट्रोलवर चालत नाही. ब्लॉकवर दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये चपटा नॉक सेन्सर (नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटणं, ऐकायला), एम८ बोल्ट, २० न्यूटन-मीटर. खाली वॉशर नाही. ७४ मिमी बोअरला नॉकिंगचा सूर ७.७ किलोहर्ट्झच्या आसपास. सेन्सरचा सिग्नल ॲम्प्लिफायरमधून हेडफोनला. रेव्ह लिमिट ६४००.

फुल थ्रॉटलचं सुरुवातीचं टायमिंग मुद्दाम मागे: ३००० ला २० अंश, ५५०० ला २२. डायनोवर खालून वर चढायचं, वरून खाली उतरायचं नाही.

२४ नोव्हेंबर, पुणे

डायनो लोड धरणारा, एडी करंट ब्रेकचा. हे बुकिंगच्या आधी विचारून घ्यावं. नुसत्या जड रोलरच्या इनर्शिया डायनोवर आरपीएम एका जागी धरता येत नाही. तिथे रन करून दोन रेघा एकमेकींवर ठेवून बघायच्या एवढंच. तेही उपयोगी आहे, पण खाना-खाना ट्यून होत नाही.

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी रोलरवर डावी-उजवी सरकते. पट्टे पुढच्या बाजूला तिरपे एकमेकांना छेद देऊन, मागची चाकं अडवून. चौथा गिअर. बॅरोमीटर ९४.८ केपीए, फुल थ्रॉटलला मॅप ९४. हवा ३३ अंश.

३००० आरपीएम, फुल थ्रॉटल, प्रत्येक बिंदूवर ४ ते ५ सेकंद धरून सोडायचं, कूलंट ९०ला येईपर्यंत थांबायचं:

२० अंश: ७८.५ न्यूटन-मीटर
२२ अंश: ८०.४
२४ अंश: ८१.९
२६ अंश: ८२.६
२८ अंश: ८२.८
३० अंश: ८२.७
३२ अंश: ८१.८, हेडफोनमध्ये एक-दोन टिकटिक

टेबलात २५ लिहिले. २६ आणि २८ मध्ये ०.२ न्यूटन-मीटर आहे. ते मिळवायला नॉकिंगच्या दोन अंश जवळ जायचं, याला अर्थ नाही. आणि २० ते २६ हा पूर्ण सहा अंशांचा फरक या आरपीएमला पावणेदोन अश्वशक्ती आहे, म्हणजे १५ तारखेच्या हिशोबातल्या एक टक्का चढापेक्षाही कमी. रस्त्यावर हे टेबल सहा अंश मागे राहिलं असतं आणि कुणाला पत्ता लागला नसता. किंवा सहा अंश पुढे गेलं असतं, आणि पत्ता लागला असता तो फुटलेल्या रिंग लँडवरून (पिस्टनच्या दोन रिंगांमधल्या कड्यावरून).

असंच २००० ते ६००० दर ५०० ला. ५५०० ला २८ अंश. इंधनही तपासलं: लॅम्डा ०.८४ ते ०.९० मध्ये टॉर्क जवळपास सपाट, ०.८७ ठेवला.

२५ नोव्हेंबर, पुणे

स्वीप. २५०० ते ६२०० दहा सेकंदांत. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रस्त्यावर साधारण तेवढाच वेळ घेते. चार-पाच सेकंदांचा झटपट रन आकडा छान देतो, पण ज्वलनकक्ष तापायच्या आत संपतो.

मूळ टेबलावर ५८.९ अश्वशक्ती, आता ६२.४, दोन्ही आकडे चाकांवरचे, कोणतंही करेक्शन (हवेचा दाब आणि तापमान यांची दुरुस्ती) न लावता. छापील कागदावर ६८.२ आला. तो खोटा नाही: एसएई जे१३४९ प्रमाणे कोरड्या हवेचा दाब ९३ केपीए आणि ३३ अंशांना गुणक १.०९३ येतो. पुण्याच्या उंचीवर, अशा तापमानाला करेक्शनशिवाय आणि करेक्शनसह यात नऊ टक्क्यांच्या आसपास फरक राहणार. दोन गाड्यांची तुलना करताना आधी कागदावरचं करेक्शन बघा, मग आकडा.

डायनोवाल्यांचा सायलेन्सरच्या तोंडात खुपसलेला सेन्सर हलक्या लोडवर ०.९५ दाखवत होता, गाडीतला ०.८८. प्रवाह कमी असला की बाहेरची हवा सायलेन्सरच्या तोंडातून आत शिरते. फुल थ्रॉटलला दोन्ही ०.०१च्या आत जुळले. गाडीतला धरला.

पंखा कमी पडला. सलग चौथ्या रनला इनटेक हवा ५४ अंश, आणि ताकद दोन टक्क्यांनी खाली, टेबलात काहीही न बदलता. त्यामुळे प्रत्येक बदलाची तुलना इनटेक तापमान ४० च्या खाली आल्यावरच केली. बॉनेट उघडं ठेवून केलेला रन बंद बॉनेटच्या रनशी जुळवू नये.

३० नोव्हेंबर, आंबा घाट

डायनोने न दाखवलेलं आज दिसलं.

पुणे असो वा कोल्हापूर, फुल थ्रॉटलला मॅप ९४-९५ च्या वर जात नाही. टेबलातली १०० केपीएची ओळ देशावर कधीच चालत नाही. रत्नागिरीत मिऱ्या बंदरापाशी किल्ली फिरवली, इंजिन बंद, सेन्सर १०१ केपीए. तिथल्या सपाटीवर दुसऱ्या गिअरमध्ये लॅम्डा ०.९० आला, ०.८७ हवा होता. १०० च्या ओळीला ३.५ टक्के इंधन वाढवलं.

परतीला साखरप्याहून घाट. तिसरा गिअर, २६०० आरपीएम, थ्रॉटल पूर्ण, मॅप ९८. पहिली वीस सेकंदं शांत. मग हेडफोनमध्ये पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवल्यासारखा आवाज, आधी तुटक, मग सलग. गाडीत बसलेल्याला काहीच ऐकू येत नव्हतं. पाय काढला. लॉग: टायमिंग २४, इनटेक ५१ अंश, कूलंट ९७.

कारणं दोन. एक, ही ओळ डायनोवर मोजलेलीच नव्हती, ९०च्या ओळीवरून अंदाजाने भरली होती. दोन, डायनोवर प्रत्येक बिंदू पाच सेकंदांचा होता, इनटेक ३८ अंशांचा. घाट अर्धा मिनिट सोडतच नाही. पिस्टनचा माथा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात, आणि ज्या टायमिंगला डायनोवर काही अंशांची फुरसत होती ती संपते.

१०० केपीए ओळीत २००० ते ३५०० या पट्ट्यात तीन अंश मागे. शिवाय इनटेक तापमानाप्रमाणे कपात: ४५ अंशांपर्यंत शून्य, ५२ ला १, ६० ला २, ७० ला ३. साखरप्याला परत उतरून तोच चढ, तोच गिअर, पुन्हा दोनदा. हेडफोन शांत. ओढ कमी झाल्याचं जाणवत नाही.

७ डिसेंबर

पेट्रोल पंपावर बारा मिनिटं उभी, मग स्टार्ट: आयडल ६५० पर्यंत पडतं, लॅम्डा १.११, चाळीस सेकंदांनी सावरतं. इनटेक हवेच्या तापमानाचा सेन्सर प्लेनममध्ये (मॅनिफोल्डच्या हवेच्या डब्यात), तो धातूच्या उष्णतेने ६८ अंश दाखवतो; आत येणारी हवा तेवढी गरम नसते. ईसीयू ६८ धरून ३८ च्या तुलनेत जवळपास ९ टक्के इंधन कापतो. सेन्सर एअर फिल्टरनंतरच्या पाइपात हलवला आणि ४५ च्या वरचं घनतेचं करेक्शन निम्मं केलं. उरलेला लीनपणा तापलेल्या रेलमधल्या बुडबुड्यांचा, त्यासाठी गरम स्टार्टनंतर दहा सेकंद ६ टक्के जादा. आता १.०३, आयडल ८५० च्या खाली येत नाही.

इनटेक सेन्सर हलवल्यामुळे ३० तारखेची कपातीची तापमानं नव्या जागेवर पुन्हा जुळवायला हवीत. चालत्या गाडीत नवी जागा ४ ते ५ अंश थंड दाखवते, म्हणून सगळे टप्पे ५ अंशांनी खाली घेतले.

१४ डिसेंबर

सकाळी कूलंट १५ अंश. पहिल्या प्रयत्नात पकडलं नाही. इथेनॉलची बाष्पीभवनाची उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून जास्त, थंड पोर्टमध्ये ई२० जुन्या पेट्रोलएवढं उडत नाही. क्रँकिंगची मात्रा १५ अंशांना ३० टक्क्यांनी वाढवली, दुसऱ्या सकाळसाठी सोडली. वॉर्म-अप १५ ला १४२ टक्के, ४० ला ११८, ७० ला १००. दिवसाला एकच थंड स्टार्ट मिळतो, त्यामुळे हे टेबल घाईने भरत नाही.

क्लोज्ड लूप चालू केलं, अधिकार ±५ टक्के, फक्त ७० केपीएच्या खाली. कॅट जागेवर आहे. पीयूसीला या गाडीसाठी आयडल सीओची मर्यादा ०.५ टक्के, गरम इंजिनवर ०.१२ आलं.

राहिलेलं: एसी चालू असताना आयडल व्हॉल्व्हची स्थिती, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात आंबा घाट पुन्हा, हेडफोन लावून.